विंडोज 7 टाकताना माऊस हलत नाही? माऊस बदलू नका

जुनी विंडोज टाकायला बसलाय, डीव्हीडी फिरली, लोगो आला, भाषा विचारणारी ती निळी खिडकी आली आणि माऊसचा बाण स्क्रीनच्या मधोमध चिकटून बसला, हलतच नाही, तर पहिलं काम म्हणजे बाजारात जाऊ नका. नवा माऊस आणून काही होणार नाही, वायरलेस आणून तर मुळीच नाही. एवढं ठामपणे सांगतोय कारण फोंड्याला आमच्या मामाच्या प्रेसमध्ये टेबलाच्या खणात आता चांगले चालू स्थितीतले माऊस पडून आहेत, आणि त्यातला एकही खराब नव्हता.

आता 2009 सालची विंडोज कोणाला कशाला हवी, असं विचारणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. मामाची प्रेस म्हणजे पत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, आणि चवथ जवळ आली की मंडळांची कुपनं. गोव्यात सार्वजनिक गणपतीच्या मंडळाची कुपनं म्हणजे काय प्रकार असतो ते इथल्यांना सांगायला नको, नंबर घातलेली पुस्तकंच्या पुस्तकं जातात. हे सगळं काम पेजमेकर 7 मध्ये, म्हणजे 2001 सालचं सॉफ्टवेअर, आणि वर एक जुनं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर जे डोंगल, म्हणजे पीसीला लावायची किल्लीवजा वस्तू, लावल्याशिवाय उघडतच नाही. त्या डोंगलचा जो ड्रायव्हर (वस्तू विंडोजला ओळखता यावी म्हणून टाकायचं छोटं सॉफ्टवेअर) मामाकडे आहे तो 32 बिट विंडोज 7 वर चालतो, त्याच्यापुढे नाही. देवस्थानांच्या पत्रिका वर्षानुवर्षं त्याच फाइलमध्ये तारीख-तिथी बदलून निघतात, त्या युनिकोडमध्ये न्यायच्या तर जोडाक्षरांची वाट लागते आणि मग प्रत्येक ओळ परत वाचत बसा. चवथीच्या तोंडावर हे कोण करणार? तेव्हा 'अपग्रेड करा ना' हा सल्ला मला माहीत आहे, पटतो पण, फक्त तो आत्ता उपयोगाचा नाही.

तर जूनच्या पहिल्या गडगडाटात प्रेसमधला जुना पीसी गेला. मदरबोर्डच गेला, हार्डडिस्क वाचली. मामाने कुठूनतरी ओळखीतून सेकंडहँड पीसी आणला, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय5, एच110 चा बोर्ड, 4 जीबी रॅम, डीव्हीडी ड्राइव्ह पण होता, भाव पण बरा होता. मला फोन, "रविवारी ये रे, विंडोज घालून दी." म्हटलं त्यात काय, तासाभराचं काम, दुपारी घरी जेवायला.

झालं असं की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी बोर्डाचं स्वतःचं जे सॉफ्टवेअर चालू होतं त्यात, माऊस-कीबोर्ड दोन्ही मस्त चालत होते. डीव्हीडीवरून बूट करताना 'प्रेस एनी की' येतं तिथे की दाबली, ती पण घेतली. 'विंडोज इज लोडिंग फाइल्स' ची पांढरी पट्टी सरकली, मग ते चार रंगांचे काजवे एकत्र येऊन लोगो झाला, भाषेची खिडकी आली आणि खलास. बाण हलेना, कीबोर्ड पण गप्प. मामा मागे उभा, "किते जालें? माऊस चलना? नवो हाडूं?" आणि मी नको म्हणेपर्यंत मामा बाजारात, तिस्कावर, निघाला पण.

खरी गोष्ट इथेच आहे, ती जरा नीट बघूया, कारण माऊस कुठल्या टप्प्यावर मरतो हे कळलं की अर्धं काम झालं.

पीसी चालू होतो तेव्हा यूएसबी सांभाळतो बायोस. त्याच्याकडे स्वतःची छोटीशी व्यवस्था असते, त्यामुळे तुमचा कीबोर्ड बायोसच्या मेनूत चालतो, 'प्रेस एनी की' ला चालतो, आणि 'लोडिंग फाइल्स' च्या पट्टीपर्यंत डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह वाचायचं काम पण बायोसच करून देतो. त्यानंतर विंडोजचा सेटअप म्हणजे खरंतर एक छोटी विंडोज, ती सगळी रॅममध्ये चढते आणि बायोसला सांगते की आता तू बाजूला हो, हार्डवेअर मी बघते. बायोस बाजूला होतो. आणि सेटअप बघतो तर समोर यूएसबीचा जो कंट्रोलर (पोर्ट चालवणारा भाग) आहे त्याचा ड्रायव्हरच त्याच्याकडे नाही.

का नाही? विंडोज 7 बाजारात आली 22 ऑक्टोबर 2009 ला. यूएसबी 3.0 चं स्पेसिफिकेशन त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर 2008 ला आलेलं, पण तो कंट्रोलर, ज्याला एक्सएचसीआय म्हणतात, त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आपोआप मिळायला लागला विंडोज 8 पासून, म्हणजे 2012. विंडोज 7 ला ओळखता येतो तो यूएसबी 2.0 चा ईएचसीआय आणि त्याच्या आधीचे. बरीच वर्षं हे कोणाला टोचलं नाही, कारण बोर्डांवर दोन्ही कंट्रोलर असायचे. 2015 ला सहावी पिढी आली, स्कायलेक, आणि तिच्याबरोबरच्या 100 सीरिजच्या चिपसेटमधून इंटेलने ईएचसीआय काढूनच टाकला. सगळे पोर्ट एक्सएचसीआयवर. एच110 त्यातलाच.

म्हणून तो जो सल्ला सगळीकडे मिळतो ना, 'निळ्या पोर्टमधून काढ आणि काळ्या पोर्टमध्ये लाव', तो अर्धाच खरा आहे. चौथ्या पिढीच्या वगैरे बोर्डांवर खरा, तिथे काळा पोर्ट ईएचसीआयवर जातो, किंवा बायोसमध्ये एक्सएचसीआय मोड म्हणून असतो तो डिसेबल केला की सगळेच पोर्ट 2.0 होऊन चालायला लागतात. पण सहाव्या पिढीवर काळा पोर्ट दिसायला 2.0 चा असला तरी आतून जोडलेला त्याच एक्सएचसीआयला. प्लॅस्टिकचा रंग बघून काही उपयोग नाही. मध्ये 2.0 चा हब लावला तरी तेच, हबच्या मागे कोण बसलाय ते महत्त्वाचं. फाटकच उघडत नसेल तर अंगणात कितीही खुर्च्या मांडा.

एक साधी टेस्ट सांगतो, कोणालाही करता येते. भाषेच्या खिडकीवर अडकलात की कीबोर्डचं नम लॉक दाबा. तो बारका हिरवा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही बरं का, की दाबल्याचं पीसीला कळतं आणि पीसी उलट सांगतो की दिवा लाव. बायोसमध्ये दिवा लागतो-विझतो आणि सेटअपमध्ये ढिम्म हलत नाही, म्हणजे ड्रायव्हरचाच घोळ, वस्तू खराब नाही. माऊसच्या लाल दिव्यावरून काही ठरवू नका. पोर्टवर 5 व्होल्ट येतच असतात, त्यामुळे काही माऊसचा दिवा चालू राहतो, काहींचा जातो, मामाकडच्या खणात दोन्ही जातीचे आहेत.

आणि पेनड्राइव्हवरून टाकत असाल तर याच रोगाचं दुसरं लक्षण. समजा पीएस/2 चा, म्हणजे जुन्या गोल पिनचा, कीबोर्ड लावून पुढे गेलात, इन्स्टॉल नाऊ दाबलंत, की ते सांगतं सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर मिसिंग आहे. माणूस चक्रावतो, अरे मी सीडी लावलीच नाही. ड्राइव्हचा काही संबंध नसतो, बायोस बाजूला झाल्यावर तुमचा पेनड्राइव्ह पण यूएसबीबरोबर अंधारात गेलेला असतो, आणि सेटअपला त्याच्या स्वतःच्याच फाइल्स सापडत नसतात. हा एरर बघून लोक आयएसओ, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची एक फाइल, परत परत डाउनलोड करतात, पेनड्राइव्ह बदलतात. नका करू.

आता उपाय. बायोसमध्ये आधी चक्कर मारा. एक्सएचसीआय हँडऑफ नावाचं सेटिंग असतं, ते बदलून काहींचं काम होतं, आमच्याकडे नाही झालं. काही बोर्डांत खास सोय असते, एमएसआयच्या त्या काळच्या बोर्डांत 'विंडोज 7 इन्स्टॉलेशन' असा ऑप्शन, एएसरॉकमध्ये 'पीएस/2 सिम्युलेटर', काहींत 'पोर्ट 60/64 एम्युलेशन'. सगळ्यांची युक्ती एकच, बायोस मागे राहून यूएसबीच्या कीबोर्ड-माऊसला जुन्या पीएस/2 चं सोंग देतो, आणि पीएस/2 तर विंडोजला जन्मापासून येतो. मामाच्या बोर्डात यातलं काहीच नव्हतं. बायोसमध्ये आहातच तर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) चालू आणि सिक्युअर बूट बंद करून घ्या, 32 बिट विंडोज 7 युईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीवर, बूट होत नाही.

पण पीसीच्या मागे एक गोल पोर्ट होता, अर्धा जांभळा अर्धा हिरवा. म्हणजे कॉम्बो, कीबोर्ड लावा नाहीतर माऊस. हा पीएस/2 म्हणजे आयबीएमचा 1987 चा वारसा, आणि तो यूएसबीच्या वाटेनेच जात नाही, त्याची लाइनच वेगळी. मिळाला की सुटलो.

आता कीबोर्ड कुठून आणायचा. यूएसबीला गोल करणारा तो हिरवा ॲडॉप्टर बाजारात मिळतो, मामा तो पण घेऊन आला, पण त्यात नुसत्या तारा असतात, आत डोकं काही नाही. माऊसला स्वतःला दोन्ही बोली येत असतील तरच तो चालतो, पूर्वीच्या काही माऊसना यायच्या, हल्लीच्या बहुतेकांना येत नाहीत. मी आता म्हापशाला जाऊन जुन्या सामानात शोधायचं म्हणत होतो, तेवढ्यात प्रेसमधली ऑपरेटर बाय म्हणाली की जुना कीबोर्ड आहे की माळ्यावर, मी टाकायला दिला नव्हता, त्याच्यावर मराठीचे स्टिकर आहेत. काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळून, वर रबर. गोव्याच्या पावसात असं न ठेवलेल्या वस्तूला किती दिवसांत बुरशी येते ते माहीत असलेल्या माणसाचं काम. जांभळी पिन, फक्त आतली एक काडी वाकलेली. ती चिमट्याने सरळ करायला गेलात तर तुटते, संपलेल्या बॉलपेनची रिफिल घ्या, पुढचं टोक काढा, ती पोकळ नळी काडीवर चढवा आणि हळूच उभी करा. मामाच्या टेबलावर अशा रिफिलींना तोटा नाही.

एक लक्षात ठेवा, पीएस/2 चालू पीसीला लावायचा नाही. पीसी पूर्ण बंद, मग लावायचा, मग चालू. चालूत लावला तर बहुतेक वेळा ओळखलाच जात नाही आणि पोर्टला धोका तो वेगळाच.

चालू केला, भाषेची खिडकी आली, नम लॉक दाबलं, दिवा लागला! मामाने तेवढ्यावरच "जातलें रे" म्हणून चहा-भजी सांगितली.

पुढचा सगळा सेटअप माऊसशिवाय. मी टॅब दाबत निळी चौकट कुठे गेली ते शोधत होतो तर बायने मला खुर्चीवरून उठवलं. तिची बोटं दिवसभर कीबोर्डवरच असतात, तिला माऊस म्हणजे अडचणच. ऑल्ट आणि एन म्हणजे नेक्स्ट, टिक करायला स्पेस, वरखाली बाण, एंटर. पार्टिशनच्या पानावर फक्त मी मध्ये पडलो, कारण जुनी डिस्क आम्ही डेटासाठी दुसरी म्हणून जोडलेली, तिच्यावर चुकून फॉरमॅट गेलं असतं तर सगळी देवस्थानं गेली असती. खरंतर इन्स्टॉल होईपर्यंत डेटाच्या डिस्कची केबल काढूनच ठेवावी, आम्ही मग तेच केलं. आणि हो, नवी डिस्क साधी, केबलने जोडायची साटा एसएसडी असू दे, एनव्हीएमई (नव्या जातीची वेगवान एसएसडी) असेल तर विंडोज 7 च्या सेटअपला ती पण दिसत नाही, तो आणखी वेगळा पॅच.

विंडोज बसली म्हणजे संपलं असं नाही. डेस्कटॉप आला तरी यूएसबी अजून मेलेलीच, कारण बसलेल्या विंडोजकडे पण ड्रायव्हर नाही. आणि ड्रायव्हर आणायचा कसा, पेनड्राइव्ह दिसत नाही, नव्या बोर्डाच्या लॅनचा ड्रायव्हर पण बहुतेक वेळा नसतो, म्हणजे नेट नाही. इथे लोक परत अडकतात. म्हणून ड्रायव्हर आधीच डीव्हीडीवर बर्न करून ठेवायचे, यूएसबी 3.0 चा, चिपसेटचा, लॅनचा, ग्राफिक्सचा. डीव्हीडी ड्राइव्ह साटावर असतो, त्याला यूएसबीशी घेणंदेणं नाही. ड्राइव्ह नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावा, ड्रायव्हरचं फोल्डर तिच्यावर कॉपी करा, परत आणा. आमच्याकडे मी लॅपटॉपवर तिथेच बर्न केली, विंडोज आणि आर या दोन कीज दाबून रनची खिडकी उघडून सेटअप चालवला, रीस्टार्ट, आणि बाण हलला. मधल्या वेळात बाण लागलाच तर डाव्या बाजूचे ऑल्ट आणि शिफ्ट धरून नम लॉक दाबा, मग नंबरांच्या कीजनी बाण फिरतो आणि 5 ने क्लिक होतो. हळू आहे, पण भागतं. ड्रायव्हर टाकायच्या आधी सर्व्हिस पॅक 1 असल्याची खात्री करा, तो 2011 चा, नसेल तर ड्रायव्हर कुरकुरतो.

ज्यांच्या बोर्डाला गोल पोर्टच नाही त्यांनी काय करायचं? तर ड्रायव्हर सेटअपच्या आतच घालायचा. इंटेलचं त्यासाठी छोटं टूल होतं, विंडोज 7 यूएसबी 3.0 क्रिएटर, गिगाबाइट, असुस वगैरेंची पण आपापली होती. टूल नाही मिळालं तर विंडोज 10 च्या कुठल्याही पीसीवर डिझम नावाची कमांड असते, तिने होतं. डीव्हीडीच्या सोर्सेस फोल्डरमध्ये दोन मोठ्या फाइल असतात, बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम. बूटमध्ये दोन इंडेक्स असतात आणि खरा सेटअप चालतो तो 2 नंबरचा, तो माउंट करायचा, ड्रायव्हर ॲड करायचा, कमिट करून अनमाउंट. मग तेच इन्स्टॉल डॉट विमच्या तुमच्या आवृत्तीच्या इंडेक्सला. बरेच जण फक्त बूटला करतात, मग सेटअपमध्ये माऊस नाचतो आणि पहिल्या रीस्टार्टनंतर परत मरतो, तेव्हा दोन्ही करा. ड्रायव्हरमध्ये पण दोन तुकडे असतात, एक कंट्रोलरचा आणि एक हबचा, दोन्ही घाला. 32 बिट विंडोजला 32 बिटवालाच.

लॅपटॉपवाल्यांना हा त्रास कमी, कारण लॅपटॉपचा कीबोर्ड आणि बऱ्याच जणांचा टचपॅड आतून पीएस/2 वरच असतो, निदान सेटअप तरी पार पडतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका विंडोजच्या आत दुसरी चालवणारं सॉफ्टवेअर) टाकणाऱ्यांनी मात्र यूएसबी कंट्रोलर 3.0 निवडला तर तिथे पण हेच नाटक होतं, 2.0 किंवा 1.1 वर ठेवा. मामासाठी मी व्हर्च्युअलबॉक्सचा विचार केला होता, पण 4 जीबी रॅमवर दोन विंडोज म्हणजे दोन्ही रडणार, आणि मामाला बटण दाबलं की पेजमेकर हवं.

सातव्या पिढीपासून पुढचा पीसी असेल तर माझं मत विचाराल तर हा खटाटोप करूच नका. 2016 च्या जानेवारीतच मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलं होतं की यापुढच्या प्रोसेसरना विंडोज 10 च, त्यामुळे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपासून सगळीकडे ओढाताण. सहावी पिढी हीच विंडोज 7 ची शेवटची बरी जागा.

आणि हा पीसी नेटला जोडायचा नाही. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला. सगळे ड्रायव्हर टाकून झाल्यावर मी लॅनची केबल काढली आणि मामाला दम दिला की परत लावायची नाही. व्हॉट्सॲपवर येणारे मजकूर बाय आपल्या लॅपटॉपवर घेते, तिथे स्कॅन करून पेनड्राइव्हने इकडे आणते. पेनड्राइव्ह आता व्यवस्थित दिसतो, डोंगल पण लागला, जुनी डिस्क परत जोडली, फाँट सगळे जागेवर. पहिलं काम म्हणून बायने एका मंडळाच्या कुपनांचा नमुना काढला, 'र' चा रफार जिथल्या तिथे आहे ना ते बघायला.

राहिलाय तो स्कॅनर. त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीवर आहे आणि सीडीवर ओरखडे. कोणाकडे जुन्या पॅरलल पोर्टच्या स्कॅनरचा विंडोज 7 वर चालणारा ड्रायव्हर असेल तर कळवा, नसेल तर चवथ झाल्यावर मामाला नवीनच घ्यायला लावतो.